दोन लाखांचं कार्ड, पोस्टातली ठेव



गेल्या महिन्यात बालाघाटला आमच्या घरी रात्रीच्या जेवणानंतर एक बैठक बसली. विषय होता ग्राफिक्स कार्ड. पुतण्या बी.सी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, थ्रीडी अ‍ॅनिमेशन शिकतोय आणि त्याला एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०९० हवंय. बाबा भरवेलीच्या मँगनीज खाणीतून निवृत्त झालेले. त्यांनी एवढंच विचारलं, "शिक्षणासाठी आहे ना? मग पोस्टातली ठेव मोडू." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तू इंजिनिअर आहेस. तू हो म्हण, मी उद्या पोस्टात जातो."

मी रविवारपर्यंत वेळ मागून घेतला. कारण बाबा कार्ड बघून नाही, माझ्या शब्दावर पैसे देणार होते. तुमच्यापैकी जे कॉम्प्युटरमध्ये आहेत त्यांच्यावर ही वेळ कधी ना कधी येतेच. म्हणून केलेला हिशोब इथे मांडतोय.

जानेवारी २०२५ मध्ये हे कार्ड आलं तेव्हा भारतातली जाहीर किंमत होती २,१४,००० रुपये. त्यात ३२ जीबी मेमरी आहे आणि ते पूर्ण भारावर ५७५ वॅट वीज घेतं. आधीचं ४०९० अमेरिकेत १,५९९ डॉलरचं होतं, हे १,९९९ चं. म्हणजे किंमत २५ टक्क्यांनी वाढली, वीज २८ टक्क्यांनी, आणि फोर-के पडद्यावरचा वेग साधारण तीस टक्क्यांनी. कार्ड जबरदस्त आहे यात शंका नाही. पण दर रुपयामागे मिळणारा वेग फारसा वाढलेला नाही.

त्यातही हा वेग फोर-के पडद्यावरचा. पुतण्याचा मॉनिटर फुल एचडी, ६० हर्ट्झचा. तो सेकंदाला साठ चित्रंच दाखवणार, कार्डाने दोनशे बनवली तरी. शिवाय त्याचा प्रोसेसर जुना. तो काम पुरवेल तेवढंच कार्ड करणार. म्हणजे प्रोसेसर, बोर्ड, रॅम, मॉनिटर सगळंच बदलावं लागेल. कंपनी १००० वॅटचा पॉवर सप्लाय सुचवते, तोही नवा. कागदावर बेरीज केली तर सव्वातीन लाखांच्या पुढे गेली.

मग विजेचा हिशोब. पूर्ण कॉम्प्युटर ८०० वॅट धरला आणि रोज चार तास काम धरलं, तर महिन्याला ९६ युनिट. आपल्या मध्य प्रदेशात अटल गृह ज्योती योजनेत वापर दीडशे युनिटच्या आत असेल तर पहिल्या १०० युनिटचे १०० रुपयेच लागतात. आमचं घर हिवाळ्यात १३० युनिटांत बसतं. हे कार्ड आलं की ती सवलत गेली. वहिनीने हे ऐकलं आणि पहिल्यांदाच मान वर करून पुतण्याकडे बघितलं.

लाइट गेल्यावर काय, हा वेगळाच प्रश्न. आमचा ९०० व्हीएचा इन्व्हर्टर पंखे, दिवे आणि वायफायसाठी घेतलेला. त्याच्यावर ८०० वॅटचं ओझं टाकलं तर तो बंदच पडेल. आणि ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच येते. बालाघाटच्या मे महिन्यात, पारा चाळिशीच्या वर असताना, बंद खोलीत हीटर लावून बसायचं, असा प्रकार.

"काका, पण चांगल्या मशिनशिवाय मोठं काम होत नाही," पुतण्या म्हणाला. त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. थ्रीडी सीन किंवा एआय मॉडेल कार्डाच्या मेमरीत मावलं नाही, तर काम एक तर अतिशय मंदावतं किंवा होतच नाही. ज्यांची कामं खरोखर ३२ जीबीची आहेत, ज्यांना क्लायंटला फोर-के अ‍ॅनिमेशन तारखेला द्यायचं आहे, त्यांचं हे कार्ड काही महिन्यांत वसूल होऊ शकतं. त्यांनी जरूर घ्यावं.

पण मी त्याला दुसरी बाजूही सांगितली. भारताला क्रे सुपरकॉम्प्युटर मिळाला नाही, तेव्हा पुण्याच्या सी-डॅकमध्ये डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली अनेक छोटे प्रोसेसर एकत्र जोडून १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा राहिला. त्यांच्याकडे सोडवायचा प्रश्न आधी होता, मशिन नंतर आलं. मी पुतण्याला विचारलं, "तुझा आत्तापर्यंतचा सगळ्यात मोठा सीन किती मेमरी खातो?" त्याने ब्लेंडर उघडून दाखवलं. कान्हाच्या बारशिंग्याचा सीन होता, खरंच सुंदर केलाय. मेमरी लागत होती सहा जीबीच्या आसपास.

आता माझी एक गोष्ट, जी बाबांना चार वर्षं सांगितली नव्हती. २०२१ मध्ये घरून काम चालू असताना मीही "कामासाठी" म्हणून आरटीएक्स ३०६० घेतलं. जाहीर किंमत तीस हजारांच्या आत. पण तेव्हा क्रिप्टो मायनिंगवाले कार्डं उचलत होते, चिप्सची टंचाई होती. मी ५६ हजार मोजले. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने मायनिंगची पद्धतच बंद केली, बाजारात जुन्या कार्डांचा ढीग लागला आणि भाव कोसळले. माझं ऑफिसचं काम तर कंपनीच्या सर्व्हरवर चालतं. त्या कार्डावर मी नव्वद टक्के वेळ गेमच खेळलो. खेळण्यात काही वाईट नाही. पण मी त्याला काम म्हटलं, आणि तिथे चुकलो.

रविवारी हे बाबांसमोर सांगितलं. बाबा थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "म्हणजे तेव्हाही तू इंजिनिअरच होतास." यावर मी काय बोलणार!

शेवटी ठरलं ते असं. १६ जीबी मेमरीचं मधल्या फळीतलं कार्ड, आरटीएक्स ५०६० टीआय, पन्नास हजारांच्या आसपास. ते १८० वॅटवर चालतं. त्याच्या आजच्या सीनपेक्षा दुपटीहून जास्त मेमरी हाताशी राहते. कधी मोठं काम आलंच तर क्लाउडवर कार्ड भाड्याने घ्यायचं. तासाला शंभर रुपये धरले तरी २,१४,००० रुपयांत २,१४० तास होतात, रोज दोन तास वापरलं तरी जवळपास तीन वर्षं. आणि तीन वर्षांत नवी कार्डं येतातच.

पुतण्या दोन दिवस नाराज होता. त्याला मी शब्द दिलाय, वर्षभरात त्याच्या हातात १६ जीबीत न मावणारं, पैसे देणारं काम आलं, तर मोठ्या कार्डाची अर्धी किंमत माझी. कदाचित तो मला खोटं पाडेल. पाडलं तर मला आनंदच होईल.

तुमच्या घरी हा विषय निघाला तर किमतीच्या आधी तीन गोष्टी विचारा. काम कोणतं, ते किती मेमरी खातं, आणि समोरचा पडदा कोणता? आणि खेळण्यासाठी हवं असेल तर सरळ "खेळण्यासाठी" म्हणा. आईवडील त्यालाही पैसे देतात, पण त्यासाठी ठेव मोडत नाहीत.

तुमच्याकडे काय ठरलं ते नक्की कळवा. पुढच्या अंकात भेटूच.