नखरंग आणि निळा दिवा

अमरकोशांत नखाचीं जीं नांवें दिलेलीं आहेत त्यांत 'पुनर्भव' हें एक आहे. पुनः पुनः जन्मास येणारा तो पुनर्भव. कोशकारानें हें नांव उगाच घातलेलें नाहीं. हाताचें नख महिन्याला सुमारें ३ मिलिमीटर वाढतें, आणि मुळापासून टोकापर्यंत संपूर्ण नवें नख येण्यास साधारणपणें सहा महिने लागतात. तेव्हां नखावर कोणीं कांहींहि प्रयोग केला, तें खरवडलें, घासून पातळ केलें, रंगविलें, तरी अर्ध्या वर्षांत निसर्ग तो हिशेब पुरा करून देतो. नखांच्या सर्व हौशीमागें हा भरंवसा असतो आणि तो खोटा नाहीं. परंतु नखाच्या कडेला जी त्वचा आहे तिला अमरसिंहानें पुनर्भव म्हटलेलें नाहीं. आज लिहावयाचें आहे तें तिच्याविषयीं.

निमित्त असें कीं, आमच्या ठाकुर्लीच्या दोघीतिघी वाचकभगिनींनीं एकच प्रश्न विचारला : 'जेल' म्हणून जो पंधरा दिवस टिकणारा नखरंग निघाला आहे, तो घरच्या घरीं लावण्यास हरकत आहे काय? येथील चोळ्याच्या वीजकेंद्रांतून एके काळीं आगगाड्या ओढण्यासाठीं वीज जात असे. तें केंद्र आज बंद आहे, आणि गांवांतल्या घराघरांतून मुली मूठभर दिव्याखालीं बोटें धरून बसल्या आहेत. मौज वाटते, पण मी त्यांस हंसणार नाहीं. प्राचीनांनीं चौसष्ट कलांत अंगरागाची गणना केली आहे, आणि सणासुदीला हात सुंदर दिसावे असें वाटणें हा कांहीं दोष नव्हे.

नेहमींचा नखरंग वाळतो, म्हणजे त्यांतील द्रावक उडून जातो व मागें रंगाचा पापुद्रा राहतो. जेल वाळत नाहीं, तो जमतो. ज्यांनीं अलीकडे दंतवैद्याकडून दाढ भरून घेतली असेल त्यांना हा प्रकार परिचयाचा आहे. मऊ लुकण दाढेंत बसवून त्यावर निळा प्रकाश धरला कीं कांहीं सेकंदांत तें दगडासारखें होतें. जेल याच कुळांतला. 'ॲक्रिलेट' जातीचे लहान लहान रेणू त्यांत सुटे असतात. प्रकाश पडला कीं त्यांतील एक उत्तेजक द्रव्य जागें होतें आणि ते रेणू एकमेकांत गुंफले जाऊन लांब साखळ्या तयार होतात. साखळी पुरी झाली कीं पदार्थ जवळजवळ निरुपद्रवी होतो. सुटा रेणू मात्र इतका सूक्ष्म असतो कीं तो त्वचेंत शिरतो. म्हणजे सारी भिस्त दोन गोष्टींवर : कच्चा जेल त्वचेला लागूं नये, आणि नखावरचा जेल पुरता जमावा.

यांतली दुसरी गोष्ट दिसते तितकी सोपी नाहीं. वरून टणक लागला म्हणजे आंतून जमला असें होत नाहीं; करपलेल्या भाकरीचें पीठ आंत कच्चें असावें तसें येथें होतें. जाड थर दिला, तर प्रकाश तळापर्यंत पोंचत नाहीं. काळ्या व गडद रंगांत तो वरच्यावर शोषला जातो. अंगठा इतर बोटांबरोबर आंत घातला, तर तो आडवा पडतो आणि त्याच्या कडेला प्रकाश लागत नाहीं. सर्वांत मोठा घोटाळा दिव्याचा. प्रत्येक जेल ठराविक तरंगलांबीच्या व ठराविक तीव्रतेच्या प्रकाशासाठीं बनविलेला असतो. एका कंपनीची बाटली आणि दुसरीचा स्वस्त दिवा असा संसार थाटला, तर रंग चकाकतो खरा, पण आंतला कच्चेपणा कोणाच्या लक्षांत येत नाहीं.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची कन्या दंतवैद्यकीच्या दुसऱ्या वर्षांत शिकते. तिनें दिवाळीच्या सुमारास असा एक संच मागविला. पहिल्या चारपांच वेळां कांहीं झालें नाहीं, आणि हेंच या दुखण्याचें कपट आहे. शरीर आधीं गप्प राहून शत्रूची ओळख करून घेतें. पुढें बोटांच्या टोकांना खाज सुटली, कातडीला चिरा पडल्या, एके सकाळीं डोळ्याची पापणी सुजली. आईनें भांडीं घासण्याच्या पावडरीला दोष दिला. मुलीनें जेलचा छाप बदलला. परंतु बाटलीवरचें नांव बदललें तरी आंतला रेणू तोच होता. अखेर त्वचारोगतज्ज्ञांनीं तिच्या पाठीवर निरनिराळ्या द्रव्यांच्या चकत्या चिकटविल्या, ४८ तासांनीं काढल्या, आणि आणखी दोन दिवसांनीं पाठ पुन्हां तपासली. 'हेमा' या नांवाच्या मेथॅक्रिलेटखालची जागा लाल होऊन फुगली होती.

तिच्या वडिलांनीं मला विचारलें, "गुरुजी, हें औषध किती दिवस घ्यावें लागेल?" मलमानें पुरळ जाते, ती गेली देखील. परंतु त्वचेला एकदां जी ओळख पटली ती बहुधा जन्मभर राहते. आणि दांत भरण्यापूर्वीं दंतवैद्य जें चिकट द्रव्य दांताला लावतात त्यांत हेंच हेमा असतें! हातमोज्यांनीं भागेल असें आपणांस वाटतें. पण नेहमींच्या रबरी मोज्यांतून हे रेणू थोड्याच मिनिटांत पार होतात. मुलीनें शिक्षण सोडलेलें नाहीं. ती नायट्राइलचे मोजे घालते, ते वरचेवर बदलते, आणि त्या द्रव्याला स्पर्श न करतां काम करण्याची संवय लावून घेत आहे. पण जो व्यवसाय तिनें हौसेनें निवडला त्याची निम्मी सामग्री आतां तिला परकी झाली आहे, आणि तें दहा नखांच्या रंगापायीं. गुडघा बदलतांना जो अस्थिलेप वापरतात तोहि याच कुळांतला, आणि मधुमेही लोक दंडावर साखरमापकाची जी चकती लावतात तिच्या चिकटपट्टींतहि हीं द्रव्यें आढळलेलीं आहेत. तेव्हां प्रश्न केवळ दंतवैद्यांचा नाहीं.

ब्रिटनमधील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघानें २०१८ मध्यें घरगुती जेलसंचांबद्दल जाहीर इशारा दिला. युरोपीय संघानें २०२१ पासून हेमायुक्त नखरंग केवळ व्यावसायिकांनींच वापरावा असा निर्बंध घातला व तशी सूचना बाटलीवर छापणें सक्तीचें केलें. 'टीपीओ' नांवाचें एक उत्तेजक द्रव्य तर तेथें १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत पूर्णपणें बंद झालें आहे. आपल्याकडे घटकांची यादी वाचण्याचें काम गृहिणीनेंच करावयाचें आहे. ज्या बाटलीवर घटकच लिहिलेले नाहींत ती घरांत आणूं नये. 'हेमारहित' या शब्दावरहि फार विसंबूं नये. हेमा काढून त्याचा चुलतभाऊ आंत घालतां येतो.

इतकें ऐकूनहि ज्यांना लावावयाचा आहे, त्यांनीं तो असा लावावा. नखाच्या मुळाशीं जी पातळ कातडी असते ती कापूं नये. तें नखाचें दार आहे. रंग कडेपासून केसभर अलीकडेच थांबवावा. त्वचेवर थेंब गेला, तर हात दिव्याखालीं नेण्यापूर्वींच काडीनें टिपून घ्यावा व ती जागा साबणानें धुवावी. थर अगदीं पातळ द्यावे, दोन हवेत तर दोन, तीन हवेत तर तीन, आणि प्रत्येक थर स्वतंत्रपणें जमवावा. दिवा त्याच कंपनीचा घ्यावा, वेळ घड्याळ लावून मोजावी, अंगठे वेगळे धरावे. शेवटच्या थरावर जो चिकटपणा राहतो तो न जमलेलाच जेल असतो. तो स्पिरिटच्या बोळ्यानें पुसावा, बोटानें चांचपून पाहूं नये. खाज आली कीं त्या दिवसापासून बंद. "एकदां लग्न पार पडूं दे, मग पाहूं" ही सवलत येथें नाहीं. लहान मुलींच्या नखांना तर हें लावूंच नये.

दिव्याचा प्रकाश जंबुपार असतो, म्हणून लोक कर्करोगाची धास्ती घेतात. कॅलिफोर्नियांतील संशोधकांनीं २०२३ मध्यें प्रयोगशाळेंतील पेशींवर हा प्रकाश टाकला, तेव्हां वीस मिनिटांच्या एका बैठकींत शेंकडा २० ते ३० पेशी मेल्या. काचपात्रांतल्या पेशी म्हणजे हात नव्हे, आणि घरीं इतका वेळ कोणी बसत नाहीं. तरी बोटांचीं टोकें उघडीं राहतील असे जुने मोजे घालून बसण्यास खर्च तो काय?

काढतांना मात्र घाई नडते. जेलचा पापुद्रा ओढून काढला कीं त्याबरोबर नखाचाहि पापुद्रा निघतो. ॲसिटोनचा बोळा नखावर ठेवून वरून चांदीचा कागद गुंडाळावा, दहापंधरा मिनिटें थांबावें, आणि सुटेल तेवढेंच लांकडी काडीनें सारावें. ॲसिटोनची वाफ चटकन पेट घेते. हें काम स्वयंपाकघरांत शेगडीपाशीं किंवा तेवत्या समईजवळ करूं नये. खिडकी उघडून, पंखा लावून करावें. रुग्णालयांत शस्त्रक्रियेसाठीं जावयाचें असल्यास दोन दिवस आधींच नखें मोकळीं करावीं; प्राणवायूचें प्रमाण मोजणारा चिमटा रंगीत नखावर कधीं कधीं चुकीचा आंकडा दाखवितो.

आणि ज्यांना टिकाऊपणाच हवा आहे त्यांच्या अंगणांत मेंदी आहे. तिच्या पानांतील रंजक द्रव्य नखाच्या द्रव्याशींच बांधलें जातें, म्हणून हातावरचा रंग आठपंधरा दिवसांत गेला तरी नखावरचा राहतो आणि नख वाढेल तसाच पुढें सरकतो. दिवा लागत नाहीं. पानें वाटण्यास वेळ नसेल त्यांनीं कोन विकत घ्यावा. पण तासाभरांत काळाकुट्ट रंग देणारा घेऊं नये, कारण तो रंग मेंदीचा नसून बहुधा केस काळे करण्याच्या औषधाचा असतो.