नाताळच्या सुट्टीला गोवा कशाला, सावंतवाडी आहे की!



गेल्या आठवड्यापासून आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच विषय चाललाय, नाताळात कुठं जायचं. बेंगळुरूहून मुलगा गोव्याच्या हॉटेलांचे फोटो टाकतोय, पुण्याहून मुलगी महाबळेश्वरचे. मी आपली एक ओळ टाकली, "सावंतवाडीला जाऊया." जावईबापूंचा लगेच अंगठा आला, नातवानं तोंड वाकडं केलेलं चित्र पाठवलं आणि मुलानं विचारलं, "बाबा, तिथं तीन दिवस करायचं काय?" ग्रुपवर वाद घालत बसण्यापेक्षा इथंच सविस्तर लिहितो. आपल्या भागातल्या बऱ्याच घरांत सध्या हाच प्रश्न असणार.

आपण सीमेवरची माणसं. पोरं निम्मी कर्नाटकात, निम्मी महाराष्ट्रात. कर्नाटकातल्या शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याला, महाराष्ट्रात दिवाळीला. उन्हाळ्याचं तरी कुठं जुळतं? इकडं एप्रिलात सुट्टी सुरू होऊन मे संपता संपता शाळा उघडतात, तिकडं तोवर सुट्टी पडून फार दिवस झालेले नसतात. मग बेंगळुरूचा नातू आणि पुण्याच्या दोघी नाती एकत्र भेटणार कधी? नाताळाचे ते चार दिवस, बस्स. आमच्या घरात नाताळाला महत्त्व आलंय ते यामुळं. त्या चार दिवसांत पोरं एकमेकांत मिसळली पाहिजेत, एवढीच माझी मागणी. गाव निवडायचं ते हे डोळ्यांपुढं ठेवून.

आमच्या नोकरीच्या काळात नाताळ म्हणजे पोटात गोळा. तेव्हा बँकांचं वर्ष ३१ डिसेंबरला संपायचं. २५ तारखेला ग्राहकांसाठी सुट्टी, पण आम्ही दार आतून लावून लेजर घेऊन बसलेले. एकेका खात्याचे प्रॉडक्ट हातानं काढायचे, व्याज लावायचं, जॉटिंगची बेरीज जनरल लेजरशी जुळवायची. अकरा पैशांचा फरक सापडेना म्हणून रात्री एक वाजेपर्यंत जागल्याचं मला आठवतंय. (सापडला तेव्हा कळलं, एकानं ७२ चे ६१ लिहिले होते. कसे, ते त्याचं त्यालाच ठाऊक.) १९८९ पासून वर्षअखेर मार्चवर गेली, तोवर मुलगा चौथीत आला होता. सौ. आजही म्हणते, "तुमचा डिसेंबर मी कधी बघितलाच नाही." खरंच आहे ते.

म्हणून तीन वर्षांपूर्वी हौसेनं सगळ्यांना घेऊन गोव्याला गेलो. बांद्यापर्यंत गाडी सुखात गेली, म्हापशाच्या पुढं मुंगीच्या पावलानं. हॉटेलात पोचलो तर तीनपैकी एकच खोली तयार. सौ.च्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून तळमजला मागितला होता. मिळाला दुसरा मजला, आणि लिफ्ट बंद. भाडं एरवीच्या तिप्पट. रात्री दोनपर्यंत खिडक्या थरथरत होत्या. पोरं काय करणार? तिघं तीन खोल्यांत, तीन मोबाइलवर. चार दिवसांतला दीड दिवस गाडीत गेला. हिशेबाचा माणूस असल्यामुळं खर्चाचा आकडा सांगत नाही, अजून दुखतो.

गोव्याला मी नावं ठेवत नाही. तिथल्या आतल्या गावांत, घराघरांत नाताळ फार सुंदर होतो, हे मला माहीत आहे. पण त्या आठवड्यात आपण जातो ते त्या गोव्यात नव्हे. आपण जातो किनाऱ्यावरच्या बाजारात. तिथं जत्रा सगळी पाहुण्यांचीच, घरचं माणूस कुठं दिसतच नाही.

आता सावंतवाडीकडं येतो. आपल्या संकेश्वरातूनच संकेश्वर-बांदा रस्ता निघतो. गडहिंग्लज, आजरा, आंबोली, सावंतवाडी. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. या रस्त्याची गंमत म्हणजे आपण आपल्याच नदीच्या उगमाकडं जात असतो. हिरण्यकेशी आंबोलीला उगम पावते, आजरा, गडहिंग्लज करत आपल्याकडं येते आणि पुढं घटप्रभेला मिळते. आयुष्यभर जिच्या काठानं राहिलो ती नदी कुठून येते हे आपल्यापैकी कितीजणांनी पोरांना दाखवलंय? आजऱ्याला रामतीर्थावर तिचा धबधबा आहे, तिथं डबा सोडायचा. आंबोलीला हिरण्यकेशीच्या देवळाशी पाणी गुहेतून बाहेर येतं. त्याच पाण्यात सापडलेल्या एका छोट्या माशाची २०२० साली नवी जात म्हणून नोंद झाली, नावही 'शिस्टुरा हिरण्यकेशी' ठेवलं, आणि २०२१ मध्ये सरकारनं ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. आपल्या नदीच्या नावाचा मासा! नातवाला हे सांगितल्यावर वाकडं तोंड जरा सरळ झालं. फक्त पाण्यात पाय घालायचा नाही, हे आधीच बजावून ठेवलंय. मग घाट उतरला की दाणोली. तिथं साटम महाराजांच्या समाधीला सौ. थांबल्याशिवाय राहणार नाही, ती वेळ धरूनच चालायची.

दोन वर्षांपूर्वी एका जुन्या सहकाऱ्याच्या पंचाहत्तरीला आम्ही दोघंच सावंतवाडीला गेलो होतो. योगायोगानं तारीख २४ डिसेंबर. गाव आपल्या संकेश्वरापेक्षाही लहान. मधोमध मोती तलाव, एका अंगाला राजवाडा. सौ.च्या चालीनं तलावाची फेरी पाऊण तासात झाली, वाटेत दोनदा बसून. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ती एवढं चालली ते पहिल्यांदाच. दुसऱ्या दिवशी चितारआळीत गेलो. लाकडी आंबे, केळी, सीताफळं, भातुकली, भोवरे, पाट. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडावर रंग आणि लाखेचं काम. राजवाड्यात गंजिफा रंगवताना बघायला मिळतात. ही कला संपत आली होती. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी ती पुन्हा उभी केली. दशावतारी गंजिफाचे दहा रंग, प्रत्येकाची बारा पानं, एकूण १२० गोल पानं. मी मोजली. सवय जात नाही.

आणि नाताळ? तो तिथं गावाचा आहे. सिंधुदुर्गाचा कॅथलिक धर्मप्रांत २००५ साली पुण्यातून वेगळा झाला, त्याचं मुख्य चर्च सावंतवाडीतलं मिलाग्रिस. २४ च्या रात्री घराघरांवर कागदी चांदण्या, अंगणात गवताचा गोठा करून त्यात येशूबाळ. नवे कपडे घालून माणसं मिस्सेला निघालेली, म्हाताऱ्या आज्यांना दोघं दोघं धरून नेत होते. आम्ही रस्त्याच्या कडेला उभं राहून बघितलं, एका बाईंनी "आत या की" म्हटलं. सकाळी सहकाऱ्याच्या शेजारच्या घरून नेवऱ्या, दोदोल आणि केकची ताटली आली. वहिनी म्हणाल्या, "ही आमचीच ताटली. दिवाळीला फराळ घालून दिलेली, दोन महिन्यांनी भरून परत आली." हे माझ्या पुण्याच्या नातींनी बघावं असं मला वाटतं. त्यांच्या सोसायटीत समोरच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं ते त्यांना सांगता येत नाही.

मुलाच्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच, तिथं करायचं काय. खरं सांगतो, फारसं काही नाही. रात्री दहा वाजले की बहुतेक गाव झोपतं. दुसऱ्या दिवशी दुपारी पोरांना कंटाळा येणार, येऊ दे. कंटाळा आला की ती एकमेकांकडं वळतील, गंजिफाचा डाव मांडतील, नाहीतर भांडतील. भांडली तरी चालेल, पण एका खोलीत भांडतील. परवा मुलानं मला परदेशातल्या सुंदर छोट्या गावांची यादी पाठवली, "बाबा, छोटं गाव असलं तर असलं पाहिजे" म्हणून. त्यात ऑस्ट्रियातलं हॉलस्टाट होतं. तळ्याकाठचं, डोंगराच्या पायथ्याचं, चित्रासारखं. तिथली वस्ती आठशेच्याही आत आणि गर्दीच्या दिवसात पाहुणे दहा हजारांपर्यंत. २०२३ साली तिथल्या लोकांनी रस्ता अडवून सांगितलं, आता पुरे. मी मुलाला तेवढंच लिहिलं. त्याचं उत्तर, "मग तुम्ही सावंतवाडीबद्दल फेसबुकवर कशाला लिहिताय?"

या प्रश्नावर मी दोन दिवस अडकलो. तो बरोबर बोलतोय. ३१ डिसेंबरनंतर आंबोलीच्या कठड्यांखाली बाटल्यांचा जो खच पडतो तो मी डोळ्यांनी बघितलाय, आणि तो टाकणाऱ्यांत आपल्याच भागातली माणसं असतात. तरी लिहितोय. गोव्याला जाणाऱ्या गाड्या सावंतवाडीवरून रोजच जातात, थांबत नाहीत. जे थांबतील त्यांनी गावाच्या चालीनं राहावं. चर्चच्या दारात मोबाइल उंच धरून उभं राहू नये, चितारआळीत भावासाठी घासाघीस करू नये. एका भोवऱ्यामागं कारागिराचा किती वेळ जातो ते आधी बघावं, मग किंमत बोलावी. आणि ३१ तारखेचा धिंगाणा ज्यांना करायचाय त्यांनी खुशाल दुसरीकडं जावं.

काल रात्री ग्रुपवर मतदान झालं. सावंतवाडी पाच, गोवा तीन. मुलगा अजून कुरकुरतोय, पण सूनबाईंनी माझ्या बाजूनं मत दिलं. तळ्याच्या जवळच तळमजल्याच्या तीन खोल्या मी फोन करून घेतल्यात. तळमजलाच ना, हे दोनदा विचारून घेतलं. २४ ला सकाळी सहाला निघायचंय, कारण सध्या उसाचा हंगाम आहे. साडेसातनंतर गडहिंग्लजपर्यंत दुहेरी ट्रॉल्यांच्या मागं मागं जावं लागेल. आजऱ्याला नाश्त्याची चांगली जागा कुणाला माहीत असेल तर सांगा. आठ माणसं आहोत, दोघांना तिखट चालत नाही.