दोनाचे चार गिअर

अमेरिकेत १९५७ सालच्या शेव्हरोले बेल एअरवर जीव टाकणारे शौकीन आजही पुष्कळ आहेत. गाडी मोठी देखणी. पण तिच्यातला पॉवरग्लाइड हा स्वयंचलित गिअरबॉक्स पडला अवघ्या दोन गिअरांचा! हमरस्त्यावर इंजिन धापा टाकते. मग मालक १९८२ साली निघालेला ७००आर४ बसवायला निघतो. त्याचे गिअर चार. चौथ्याचे प्रमाण ०.७०, म्हणजे त्याच वेगाला इंजिनाचे फेरे तीस टक्क्यांनी उतरतात.

व्ही-८ इंजिनाला तो बिनतक्रार जुळतो. खाली आधाराला एक आडवी तुळई नवी घालावी लागते. मिस्त्री हे सारे हौसेने करतो. घात होतो तो एका केबलपायी! कार्ब्युरेटरपासून निघालेली ही केबल पाय किती दाबला हे गिअरबॉक्सला कळवते आणि त्यावर आतल्या तेलाचा दाब ठरतो. ती ढिली राहिली की दाब कमी पडतो, क्लचच्या चकत्या घसरतात आणि नवाकोरा गिअरबॉक्स थोड्याच मैलांत जळून जातो. त्यात कार्ब्युरेटर जुना. केबल अडकवायचे टोक हवे त्या जागी येतच नाही. तिथे वेगळी पट्टी लावायला दोन पैसे जास्त गेले तर जाऊ द्यावेत. दाबमापक लावल्याशिवाय गाडी गल्लीबाहेर काढणे हा मला तरी शुद्ध आततायीपणा वाटतो.

आणि जुना पॉवरग्लाइड? तो भंगारात घालू नये. तेल काढून, तोंडे बंद करून कोपऱ्यात ठेवावा. उद्या मूळ सामान मागणारे गिऱ्हाईक दारात आले, तर हात चोळत बसायला नको.