कॅल्क्युलेटर घेण्यापूर्वी

जून-जुलै आला की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. पाककृती आणि शिवणकाम मागे पडते. प्रवेश, फी, बसचा पास यांचे प्रश्न येऊ लागतात. यंदा भिवंडीच्या एका भगिनीने लिहिले आहे. मुलगी दहावी होऊन इलेक्ट्रिकलच्या डिप्लोमाला लागली. शौहर यंत्रमागावर कामाला. फी भरली, ड्रॉइंगचे सामान आणले आणि यादीत शेवटी उरला सायंटिफिक कॅल्क्युलेटर. दुकानदाराने कॅसिओचे दोन दाखवले. एक एफएक्स-८२एमएस, दुसरा सोलर पट्टीचा एफएक्स-९९१ईएस प्लस. पहिल्याची किंमत दुसऱ्याच्या जवळपास निम्मी. भगिनी विचारतात, "स्वस्तातला घेऊन भागेल का? की दोन महिने थांबून चांगला घेऊ? तोपर्यंत मोबाइलवर काम चालेलच ना?"

मोबाइलचे आधी सांगतो. परीक्षेच्या हॉलमध्ये तो नेता येत नाही. जी वस्तू पेपरला हाती नसणार, तिच्यावर वर्षभर सराव करून काय उपयोग?

आता ८२ आणि ९९१. ८२ वाईट मुळीच नाही. साइन-कोसाइन, लॉग, वर्गमूळ, सरासरी हे सारे त्यात आहे. पण इलेक्ट्रिकलच्या मुलीला लवकरच एसी सर्किट येईल आणि त्याबरोबर संमिश्र संख्या. समजा, ३+जे४ आणि ८−जे६ ओहमचे दोन इम्पिडन्स समांतर जोडले आहेत. गुणाकाराला बेरजेने भागायचे. ८२ वर हे तुकड्या-तुकड्याने करावे लागते. वास्तव भाग वेगळा, काल्पनिक वेगळा, मधले आकडे कागदावर. ९९१ मध्ये कॉम्प्लेक्स मोड लावला की पूर्ण गणित एका ओळीत टाइप होते आणि उत्तर येते ४+जे२. शिवाय तीन अज्ञातांची समीकरणे, तीन बाय तीनचे मॅट्रिक्स, बायनरी आणि हेक्साडेसिमल ९९१ मध्ये आहेत, ८२ मध्ये नाहीत. म्हणजे आज ८२ घेतला तर पुढे ९९१ घ्यावाच लागणार. यात किफायत कुठे राहिली?

दुकानात कधी ५७०ईएस प्लसही दाखवतात. तो आणि ९९१ईएस प्लस कामाला सारखेच. फरक काय तो सोलर पट्टीचा. या पट्टीबद्दल आपल्याकडे बराच गैरसमज आहे. ती उन्हातच चालते असे नाही, ट्यूबलाइटचा उजेडही तिला पुरतो, कारण काचेवरचे आकडे दाखवायला वीज अगदी थोडी लागते. पण ९९१ नुसत्या उजेडावरचा नाही. आत एलआर४४ हा बटन सेलही असतो. उजेड असेल तेव्हा पट्टी भार उचलते, दिवे गेले की सेल. म्हणून "सोलर आहे, सेल कधी बदलायला नको" असे कोणी सांगितले तर ऐकू नका. कॅल्क्युलेटर नीट चालत असला तरी तीन वर्षांत एकदा सेल बदलावा, कारण संपलेला सेल आतच पाझरतो आणि चांगले यंत्र कामातून जाते. मोठ्या परीक्षेच्या महिनाभर आधी बदलणे बरे. बदलताना साठवलेले आकडे पुसले जातात, एवढे मुलीला सांगून ठेवा.

फुटपाथवरच्या एका गाडीवरून आम्हीही एकदा "सोलर" घेतला होता. सेल संपला तेव्हा कळले की पट्टी नुसती शोभेची, काळ्या प्लास्टिकची! तेव्हापासून पक्के बिल मिळेल तिथूनच घेतो.

दोन महिने थांबण्याविषयी मात्र आमचे मत स्पष्ट आहे. थांबू नका. आमच्या थोरल्याने पहिल्या वर्षी असेच केले. "अम्मी, पुढच्या महिन्यात घेऊ" म्हणत सहामाही गेली आणि मेकॅनिक्सच्या पेपरला सकाळी मित्राचा कॅल्क्युलेटर उसना नेला. मित्राने तो रेडियनवर ठेवलेला. साइन ३० चे उत्तर ०.५ यायला हवे, तिथे −०.९८८ दिसत होते. पोराने घाईत ते तसेच उतरवले, एकामागून एक. पद्धत बरोबर, आकडे सारे चूक. त्या विषयात तो राहिला आणि पुढचे वर्ष ते ओझे घेऊन चालला. त्याला रागावलो, पण पैसे पुढे ढकलणारे आम्हीच होतो. आता घरात नियमच आहे, कॅल्क्युलेटर हाती घेतला की आधी साइन ३० दाबायचे.

मग पैशांचे काय? जुना घ्यावा. शेवटच्या वर्षाची मुले जुलैत बाहेर पडतात, त्यांच्याकडे ९९१ पडून असतो. कॉलेजच्या नोटीस बोर्डावर चिठ्ठी लावा, मोहल्ल्यातल्या एखाद्या बाजीला विचारा. घेताना प्रत्येक बटण दाबून पाहावे, आकड्यांच्या रेषा तुटलेल्या नाहीत ना ते पाहावे, आणि मागचे झाकण उघडून सेलच्या जागी पांढरा-हिरवा थर आहे का ते बघावे. थर असला तर परत द्या.

याच घराण्यातले नवे मॉडेल ९९१सीडब्ल्यू आहे. त्यात चार अज्ञातांपर्यंत समीकरणे सुटतात, पण बटणांची रचना बदलली आहे. नेहमीच्या काही गोष्टी मेन्यूत शोधाव्या लागतात. वर्गात सर्वांकडे ईएस असेल तर शेजारणीला विचारून शिकणे जड जाते. डिप्लोमाला ईएस पुरेसा आहे. आखातातून मामू आणणार असतील तर मॉडेलचे नाव नीट लिहून पाठवा. तिकडे ९९१एआरएक्स नावाचे अरबी अंक-चिन्हांचे मॉडेलही मिळते, आणि ते पाहून वर्गात हसू होईल ते वेगळेच.

ग्राफ काढणारा किंवा प्रोग्रॅम साठवणारा घेऊ नये. डिप्लोमाच्या प्रश्नपत्रिकेवरच छापलेले असते की नॉन-प्रोग्रॅमेबल कॅल्क्युलेटर चालेल. ९९१ त्यात बसतो. ज्यांची मुले अकरावी-बारावी सायन्सला आहेत त्यांनी मात्र सध्या खर्च करू नये. राज्य मंडळाच्या बारावीला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालते. तिथे लॉग टेबलवरच हात बसू द्यावा.

आणि भगिनी, घरी आणल्यावर पाठीवर मुलीचे नाव पक्क्या शाईने लिहा. वर्गात साठजणींकडे हुबेहूब तोच असणार आहे.