पाणबुडीच्या खेळापासून काय शिकावें ?

खेळ आणि अभ्यास यांचें हाडवैर आहे, ही समजूत आपल्या समाजांत फार जुनी आहे. मैदानावरील खेळांना शाळांनीं मानाचें स्थान दिलें, त्यास आतां बराच काळ लोटला. परंतु संगणकाच्या पडद्यावर खेळल्या जाणाऱ्या खेळांविषयीं पालकांच्या मनांत अद्यापि अढी आहे, आणि ती सर्वस्वीं निराधार आहे असें म्हणतां येणार नाहीं. मुलगा तासन् तास पडद्यासमोर बसतो, हांक मारली तर ओ देत नाहीं, ताटांतील अन्न निवून जातें. अशा वेळीं ‘हा खेळ मला कांहीं शिकवितो’ हें त्याचें म्हणणें आईबापांस पटावें तरी कसें? सर्वच खेळांचा कैवार घेण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु नाहीं. एकच खेळ घेऊन, त्यापासून काय मिळतें व काय मिळत नाहीं, याचा विचार येथें करावयाचा आहे.

तो खेळ म्हणजे दुसऱ्या महायुद्धांतील पाणबुडीचा. या जातीचे खेळ अनेक आहेत. त्यांपैकीं ‘सायलेंट हंटर’ या मालिकेचा २००५ सालीं निघालेला तिसरा भाग विशेष प्रसिद्ध आहे. त्यांत खेळणारा जर्मन पाणबुडीचा कप्तान होतो. अटलांटिक महासागरांत ब्रिटनकडे धान्य, तेल व दारूगोळा घेऊन जाणाऱ्या जहाजांचे ताफे शोधावयाचे, त्यांवर टॉरपेडो सोडावयाचा, आणि रक्षक युद्धनौकांच्या माऱ्यांतून निसटून बंदरास परत यावयाचें, असा एकंदर क्रम असतो. तलवारबाजीच्या किंवा गोळीबाराच्या खेळांत जी बोटांची चपळाई लागते तिचें येथें फारसें काम नाहीं. येथें लागते ती पट्टी, कोनमापक आणि डोकें.

एक उदाहरण घेऊं. जहाजाचा वेग नॉटमध्यें, म्हणजे ताशी सागरी मैलांत, मोजतात. सागरी मैल १८५२ मीटरांचा असतो. त्यामुळें एक नॉट वेगाचें जहाज ३ मिनिटें १५ सेकंदांत जवळजवळ बरोबर १०० मीटर जातें. म्हणून दूरच्या जहाजाची जागा नकाशावर मांडावी, ३ मिनिटें १५ सेकंदांनीं पुन्हां मांडावी, आणि दोन खुणांमधील अंतर मोजावें. तें ८०० मीटर भरलें, तर वेग ८ नॉट झाला ! आतां ३० नॉट वेगाचा टॉरपेडो १००० मीटर जावयास सुमारें ६५ सेकंद घेतो. तेवढ्या वेळांत आपल्यासमोरून आडवें जाणारें तें जहाज सुमारें २६५ मीटर पुढें सरकतें. अर्थात् जहाज जेथें दिसतें तेथें नेम धरणारा हटकून चुकतो. तें जेथें असणार आहे तेथें नेम धरावा लागतो. वर्गांत ज्या त्रिकोणमितीचा विद्यार्थ्यांस कंटाळा येतो, तीच येथें आपण होऊन हातीं घ्यावीशी वाटते.

दुसरा धडा धीराचा. त्या काळच्या नेहमींच्या जर्मन पाणबुडीचा वेग पृष्ठभागावर सुमारें १७ नॉट, तर पाण्याखालीं फार तर ७-८ नॉट असे, आणि विजेचा सांठा संपत असल्यामुळें तोही फार वेळ टिकत नसे. ताफा ७ ते ९ नॉटांनीं चाले. यावरून उघड होतें कीं, एकदां ताफा पुढें गेला म्हणजे पाण्याखालून त्याचा पाठलाग करणें व्यर्थ. ज्यास यश हवें, त्यानें दृष्टीआड राहून, लांबून वळसा घेऊन, कित्येक तास आधींच ताफ्याच्या वाटेवर पुढें जाऊन थांबलें पाहिजे. नेम धरण्याचें काम शेवटच्या पांच मिनिटांचें. परंतु त्या पांच मिनिटांचें भवितव्य आदल्या दिवशींच ठरलेलें असतें. परीक्षेच्या आदल्या रात्रीं पुस्तक उघडणाऱ्या विद्यार्थ्यास हें निराळें समजावून सांगण्याची गरज नाहीं.

इतकें सर्व खरें असलें, तरी एवढ्यानें खेळाचा पुरा लाभ होत नाहीं असें आमचें मत आहे. बहुतेक मुलें हा खेळ एकाच बाजूनें खेळतात, आणि हरलीं म्हणजे कळ दाबून तोच डाव नव्यानें मांडतात. आपण कां हरलों, समोरच्यानें काय ओळखलें, याचा विचार होत नाहीं. पाणबुडीच्याच खेळापासून मोठ्या माणसांनीं एकदां काय मिळविलें, तें पाहिलें म्हणजे ही उणीव केवढी आहे तें लक्षांत येतें.

१९४२ सालच्या आरंभीं इंग्लंडांतील लिव्हरपूल शहरीं ब्रिटिश नौदलानें एक लहानशी संस्था काढली. क्षयाच्या विकारामुळें नौदलांतून निवृत्त व्हावें लागलेले गिल्बर्ट रॉबर्ट्स हे तिचे प्रमुख. त्यांच्या हाताखालीं मुख्यतः स्त्री-नौदलांतील तरुण मुली होत्या; कित्येकींनीं नुकतीच विशी गांठलेली. एका मोठ्या दालनाच्या जमिनीवर चौकटी आंखून तिचाच समुद्र केला. लांकडाचीं चिमुकलीं जहाजें केलीं. खडूनें त्यांचे मार्ग काढावयाचे. रक्षक नौकांच्या कप्तानांचें काम करणाऱ्यांस कापडी पडद्याआड बसवून लहानशा फटींतून बघावयास लावीत, कारण खऱ्या समुद्रावरही कप्तानास सगळें दिसत नसतें. पाणबुडीचा मार्ग हिरव्या खडूनें काढीत. पडद्यामागून तो रंग दिसत नसे. दोन मिनिटांची एक खेळी, आणि तेवढ्यांत निर्णय द्यावयाचा.

त्या वेळीं नौदलापुढें एक कोडें होतें. पाणबुडी ताफ्याच्या बाहेर राहून दुरून टॉरपेडो सोडते, असा सर्वसाधारण समज होता. म्हणून जहाज पेटलें कीं रक्षक नौका बाहेरच्या दिशेस धांवत आणि प्रकाशगोळे उडवून शत्रूचा शोध घेत. तो सहसा सांपडत नसे. रॉबर्ट्स यांनीं रक्षकाची जागा सोडून पाणबुडीच्या कप्तानाच्या जागीं स्वतःस कल्पिलें. ताफ्याच्या मधल्या रांगेंतील जहाज बुडावयाचें असेल तर मी कोठें असलें पाहिजे ? टॉरपेडोचा पल्ला आणि जहाजांमधील अंतरें जमिनीवर मांडून पाहतां उत्तर निघालें तें असें कीं, शत्रू बाहेर नाहींच ! रात्रीच्या अंधारांत पृष्ठभागावरून, आपल्या अधिक वेगाचा फायदा घेऊन, तो मागच्या बाजूनें ताफ्याच्या आंतच शिरतो. काम उरकल्यावर बुडी मारतो, आणि ताफा डोक्यावरून पुढें निघून जाईपर्यंत स्वस्थ राहतो. मग उपायही सुचला : रक्षक नौकांनीं बाहेर न धांवतां ताफ्याच्या मागील बाजूस येऊन तेथील पाणी ओळीनें धुंडाळावें. या डावपेंचास जीन लेडलॉ या तरुण अधिकारी स्त्रीनें ‘रास्पबेरी’ असें नांव दिलें. इंग्रजींत टिंगलीनें तोंडानें काढलेल्या आवाजास हा शब्द वापरतात. तेव्हां हिटलरला वाकुल्या दाखविण्याचाच तो प्रकार होता.

याच दालनांतील दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. १९४२ च्या अखेरीस या सागरी विभागाची सूत्रें ॲडमिरल मॅक्स हॉर्टन यांच्या हातीं आलीं. पहिल्या महायुद्धांत पाणबुडीचे कप्तान म्हणून त्यांनीं मोठें नांव मिळविलेलें होतें. ते स्वतः खेळांत पाणबुडीच्या बाजूनें बसले. समोर रक्षकांच्या बाजूनें होती जॅनेट ओकेल ही तरुणी. ॲडमिरलसाहेब एकामागून एक डाव हरले. पुढें १९४५ पर्यंत सुमारें पांच हजार अधिकारी या दालनांत शिकून गेले. वय, हुद्दा व अनुभव यांनीं जें दिसत नव्हतें, तें शत्रूच्या जागीं बसून विचार करण्याची संवय लागलेल्या मुलीस दिसलें.

अर्थात् एका खेळानें समुद्र जिंकला असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. दूरवर उडणारीं विमानें, सूक्ष्म लहरींचें रडार, शत्रूच्या बिनतारी संदेशांचा माग काढणारीं यंत्रें व त्याच्या सांकेतिक लिपीचा उलगडा, या सर्वांचा वांटा मोठा आहे. १९४३ च्या एका मे महिन्यांत जर्मनीच्या सुमारें ४० पाणबुड्या बुडाल्या आणि त्या महिन्याच्या २४ तारखेस सेनापति ड्योनिट्झ यांस उत्तर अटलांटिकमधून आपल्या पाणबुड्या मागें घ्याव्या लागल्या, याचें श्रेय त्या सर्वांस मिळून आहे. परंतु ही साधनें हातीं असतां केव्हां काय करावें हें कप्तानांस आधींच माहीत होतें, तें या दालनामुळें.

खेळाचा खरा लाभ दुसऱ्या बाजूस बसण्यांत आहे, हें येथवर दिसून आलें. पण समुद्रावर या दोनच बाजू नव्हत्या. पाणबुडी आणि रक्षक नौका यांच्यामध्यें जें जहाज होतें, त्याच्यावर बसून कोणीच हा खेळ खेळत नाहीं. पडद्यावर तें पेटतें, कोपऱ्यांत त्याचा टनभार मांडला जातो, बेरीज वाढते. दुर्बिणींतून जहाजाचा आकार दिसतो. त्यावर कोण आहे तें दिसत नाहीं.

त्याच लिव्हरपूल बंदरांतून १९४० च्या सप्टेंबर महिन्यांत ‘सिटी ऑफ बनारस’ नांवाचें प्रवासी जहाज कॅनडाकडे निघालें. बाँबवर्षावापासून दूर नेण्यासाठीं सरकारी योजनेखालीं पाठविलेलीं ९० मुलें त्यावर होतीं. १७ तारखेस रक्षक युद्धनौका ताफा सोडून गेली, आणि त्याच रात्रीं दहाच्या सुमारास जर्मन पाणबुडीचा टॉरपेडो त्या जहाजास लागला. वादळी हवेंत, बर्फासारख्या थंड पाण्यांत होड्या उलटल्या. ९० मुलांपैकीं ७७ दगावलीं. सहा मुलगे असलेली एक होडी आठ दिवस समुद्रावर भरकटत होती. एका विमानास ती दिसली म्हणून तींतील लोक वांचले. त्या होडींत तीसहून अधिक हिंदी खलाशी होते.

होय, हिंदी खलाशी ! ब्रिटिश व्यापारी जहाजांवरील नोकरवर्गाचा फार मोठा भाग आपल्या देशचा होता. भट्टीशीं कोळसा ओढणारे, डेकवर दोर ओढणारे, जेवणघरांत वाढणारे असे हे लोक. त्यांत रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे कोंकणी मुसलमान होते, गोव्याचे ख्रिस्ती होते. आणि गोऱ्या खलाशांपेक्षां त्यांस वेतन कमी मिळे. त्या युद्धांत अशा सहा हजारांहून अधिक हिंदी खलाशांनीं प्राण गमावले. मुंबईतील इंडियन सेलर्स होममध्यें त्यांचें स्मारक आहे. खेळांतील ज्या जहाजाचा आपण ‘आठ हजार टन’ एवढाच उल्लेख करतों, त्याच्या पोटांत कोंकणांतील एखाद्या घरचा कर्ता मुलगा असूं शकला असता. आणि पाणबुडींतील माणसांची स्थिति तरी काय होती ? तींत काम करणाऱ्या सुमारें ४० हजार जर्मनांपैकीं जवळजवळ तीन चतुर्थांश परत आले नाहींत. ड्योनिट्झ यांचा स्वतःचा धाकटा मुलगा त्याच १९४३ च्या मे महिन्यांत पाणबुडीसह बुडाला. त्यांच्यापैकीं कोणाच्याही हातीं डाव नव्यानें मांडण्याची कळ नव्हती.

तेव्हां हा खेळ मुलांनीं खेळूं नये, असें आम्ही म्हणणार काय ? नाहीं. खेळावा, पण वेळेची मर्यादा ठेवून, आणि पुरता खेळावा. नकाशावरचें गणित यंत्राकडून न करवितां स्वतः करावें. जवळ एक वही ठेवावी व प्रत्येक हरलेल्या डावानंतर तींत चार ओळी लिहाव्या : मीं काय धरून चाललों, शत्रूस काय दिसलें असावें. शक्य तेथें कागदावर चौकटी आंखून मित्राबरोबर बाजू बदलून खेळावें. लिव्हरपूलच्या दालनांत याहून अधिक साहित्य नव्हतें. आणि युद्धांत खरोखर बुडालेल्या एखाद्या तरी जहाजाची हकीकत शोधून वाचावी.

पालकांसही एक विनंति आहे. खेळाकडे सर्वस्वीं डोळेझांक करणें जितकें अयोग्य, तितकेंच त्याचें नांव ऐकतांच संतापणें निरुपयोगी. मुलाच्या शेजारीं एकदां अर्धा तास बसावें. किती जहाजें बुडविलीं, हें विचारूं नये. तें पडदाच सांगतो. हें जहाज कोठून कोठें चाललें होतें, त्यावर काय भरलें होतें, आणि कोण होतें, एवढें विचारावें. त्याचें उत्तर मुलास देतां आलें, तर तो वेळ वांयां गेला नाहीं असें खुशाल समजावें. आणि देतां आलें नाहीं, तर दोघांनीं मिळून तें शोधावें.