सातबारा मोजला, शेत राहिलं

'पॉइंटरची साइझ किती?' हा ओरलचा ठरलेला प्रश्न. सीनियर्सच्या जर्नलमधून त्याचं उत्तरही ठरलेलंच येतं. टर्बो सीवर शिकलेली पिढी '२ बाइट' म्हणायची. ३२ बिटची मशीन्स आली तेव्हा ते '४' झालं. आजच्या ६४ बिटच्या लॅपटॉपवर ते ८ आहे. ई अँड टीसीच्या रूम पार्टनरला विचारलंत तर तो ८०५१ वर कील कंपायलरचा साधा पॉइंटर ३ बाइटचा असतो असं सांगेल. चारही उत्तरं आपापल्या जागी बरोबर. एक्स्टर्नल मान हलवतात, आपण सुटतो आणि चहा प्यायला कॅन्टीनला जातो.

माझं म्हणणं एवढंच की हा प्रश्न दोन मार्कांचा नाही, तो सुरक्षेचा आहे. आणि आकडा विचारून तो सुटत नाही. खरा प्रश्न असा हवा : 'तू जे मोजलंस, ते नक्की काय मोजलंस?'

पॉइंटर म्हणजे पत्ता. आपल्या जिल्ह्यातल्या मुलांना हे समजायला सातबारा पुरे. सातबाऱ्यावर गट नंबर असतो, शेत नसतं. आता कुणी फूटपट्टी घेऊन सातबाऱ्याचा कागदच मोजला आणि तेवढीच जमीन नांगरून घरी आला, तर बांधावरची माणसं हसतील. सी भाषेत 'साइझऑफ' पॉइंटरला लावलं की हेच होतं. कागद मोजला जातो, शेत नाही. त्यात पुन्हा खऱ्या सातबाऱ्यावर क्षेत्र लिहिलेलं तरी असतं. सीमधल्या पॉइंटरवर तो रकानाच नाही. मेनमध्ये १०० बाइटचा ॲरे घेतला, तिथे साइझऑफ १०० सांगतं. तोच ॲरे फंक्शनला दिला की आत फक्त पत्ता पोचतो आणि तेच साइझऑफ ८ सांगतं. शब्द एकच, उत्तरं दोन!

यात सुरक्षेचा काय संबंध? एक प्रयोग करून पाहा. २०२४ मध्ये आपल्या जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. जुनं आणि नवं नाव एकच आहे का, हे तपासणारं छोटं फंक्शन लिहा. 'स्ट्रएनकंप'ला दोन्ही पॉइंटर द्या आणि लांबी म्हणून पॉइंटरचं साइझऑफ द्या. ६४ बिटच्या मशीनवर प्रोग्रॅम म्हणेल, 'अहमदनगर' आणि 'अहिल्यानगर' एकच!

कारण सरळ आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. 'अ' आणि 'ह' मिळून ६ झाले. पुढे एका नावात 'म' आहे, तर दुसऱ्यात पहिली वेलांटी (ती दिसते आधी, पण साठवली जाते 'ह'नंतर). या दोन्ही चिन्हांचे पहिले दोन बाइट सारखेच आहेत, फरक तिसऱ्यात. म्हणजे नावं वेगळी होतात नवव्या बाइटला, आणि आपली तपासणी आठव्यालाच थांबलेली.

नावाच्या जागी पासवर्ड ठेवा, म्हणजे गांभीर्य कळेल. कितीही लांब पासवर्ड ठेवला तरी पहिले ८ बाइट जुळले की दार उघडं. मिनी प्रोजेक्टमध्ये कीपॅडचं कुलूप बरेच जण करतात. आर्डुइनो उनोवर पॉइंटर २ बाइटचा. तिथे सहा अंकी कोड याच पद्धतीने तपासला, तर फक्त पहिले दोन अंक पाहिले जातात. चोराला दहा लाख शक्यता तपासायच्या होत्या, त्या राहिल्या शंभर. आणि डेमोच्या दिवशी? बरोबर कोड टाकला, कुलूप उघडलं. चुकीचा टाकला, नाही उघडलं. टाळ्या!

ही चूक फक्त पोरासोरांची आहे असं कुणी समजू नये. कॉलिन प्लंब यांनी १९९३ मध्ये एमडी-५ चा कोड लिहून सगळ्यांसाठी खुला केला. तो पुढे कितीतरी प्रोजेक्टमध्ये जसाच्या तसा गेला. त्यात शेवटी गोपनीय माहिती पुसून टाकण्यासाठी 'मेमसेट'ची एक ओळ आहे. मूळ कोडमध्ये त्या ओळीत साइझऑफ स्ट्रक्चरला लावण्याऐवजी पॉइंटरलाच लावलं गेलं. स्ट्रक्चर ८८ बाइटचं, पुसले गेले ३२ बिटच्या मशीनवर फक्त ४. त्यातही स्ट्रक्चरच्या सुरुवातीला हॅशचे आकडे असतात आणि मूळ मजकुराचा शेवटचा ब्लॉक असतो मागच्या ६४ बाइटमध्ये. म्हणजे लहानसा पासवर्ड हॅश केला, तर तो मेमरीत तसाच राहतो. राखेवर पाणी ओतलं आणि निखारे तसेच! दुरुस्ती काय, तर एक स्टार. पॉइंटरऐवजी तो दाखवतो त्या वस्तूचं साइझऑफ. पण तो एक स्टार नाही हे कळेपर्यंत कोड कुठच्या कुठे पोचला होता. मिटर संस्थेच्या कमकुवतपणांच्या यादीत या चुकीला स्वतंत्र नंबर आहे, सीडब्ल्यूई-४६७.

अशा चुका राहतात, कारण आउटपुट बरोबर येतं. हॅश बरोबर येतो. एका इंटसाठी मॅलॉकला चुकून पॉइंटरची साइझ दिली तरी टर्बो सीवर २ ला २, ३२ बिटवर ४ ला ४, आणि ६४ बिटवर तर ४ च्या जागी ८ मिळतात. कुठेच बिघडत नाही. मोठं स्ट्रक्चर आलं की मग शेजारच्या मेमरीवर अतिक्रमण. आणि आपल्याकडे सगळं सबमिशन आउटपुटवर. 'आउटपुट आलं ना? मग घे सही.'

कुणी म्हणेल, आता सगळं जावा आणि पायथॉनमध्ये आहे, सीचं कशाला? अहो, आपण रोज वापरतो तो पायथॉनचा इंटरप्रिटरच सीमध्ये लिहिलेला आहे. खिशातल्या अँड्रॉइडखालचा लिनक्स कर्नलही मुख्यतः सीचाच. पाया आहे तिथेच आहे, आपण वरच्या मजल्यावर राहायला गेलो इतकंच.

नागपूरच्या यशवंत कानेटकरांनी 'लेट अस सी'सारखं पुस्तक लिहूनही पॉइंटरवर आणखी एक वेगळं पुस्तक लिहिलं. विषय तेवढ्या तोलाचाच आहे. आपण तो एका आकड्यात उरकतो, हे बरं नव्हे.

म्हणून सरांना आणि मॅडमना विनंती. एक, ओरलला साइझ विचाराल तेव्हा 'कुठल्या मशीनवर आणि कशाची?' हेही विचारा. दोन, जीसीसीचा डब्ल्यू-ऑल पर्याय चालू करून एकही वॉर्निंग नसेल तरच सही द्या. मेमसेट किंवा स्ट्रएनकंपमधली ही चूक जीसीसी २०१३ च्या ४.८ आवृत्तीपासून त्या पर्यायात दाखवतं. २०१५ च्या ५ व्या आवृत्तीपासून फंक्शनला दिलेल्या ॲरेची चूक तर न सांगताही दाखवतं. आर्डुइनोच्या आयडीईत मात्र वॉर्निंग मुळात बंद असतात, त्या सेटिंगमधून चालू कराव्या लागतात. तीन, आउटपुट तपासताना पहिली आठ अक्षरं सारखी आणि नववं वेगळं असा एक इनपुट जरूर द्या.

आणि आपण पोरांनी काय करायचं? फंक्शनला ॲरे दिला की लांबी सोबत वेगळी द्यायची. वॉर्निंग आली की स्क्रोल करून वर ढकलायची नाही, वाचायची. त्याला फार तर दोन मिनिटं लागतात. शेतकऱ्याचा पोरगा कागद आणि जमीन यांतला फरक शाळेत जायच्या आधी शिकतो. इंजिनिअर होताना तो विसरू नये, एवढीच अपेक्षा.