रसबाळे कुठंय?

लेकीच्या हट्टापायी म्हैसूरच्या नव्याकोऱ्या रिसॉर्टात दोन रात्री राहिलो. भिंतींना अजून रंगाचा वास, गादी इतकी मऊ की ह्यांची कंबरच धरली. न्याहारीला किवी, ड्रॅगनफ्रूट, तीन प्रकारचे पाव. पण जेमतेम २५ किलोमीटरवरच्या नंजनगूडचं, भौगोलिक मानांकन मिळालेलं रसबाळे केळं नाही! विचारलं, तर वाढणारा पोरगा ओशाळून हसला. त्याचं गाव नंजनगूडच.

पाहुण्यांची बडदास्त या शहराला नवी नाही. व्हाइसरॉयच्या मुक्कामासाठी म्हैसूरचे महाराज कृष्णराज वाडियारांनी १९२१ मध्ये ललित महालाची पायाभरणी केली. १९७४ पासून तिथं हॉटेल आहे. तो थाटही विलायतीच, पण मागं चामुंडीची टेकडी तरी आहे. आमच्या खिडकीतून फक्त तरणतलाव दिसायचा. एवढ्या पैशांत म्हैसूर कुठे आलं? शेवटी देवराज मार्केटात जाऊन डझनभर केळी घेतली आणि त्या मऊ गादीवर बसून खाल्ली.